जुना लॅपटॉप देण्याआधी फाइली कायमच्या कशा पुसायच्या

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्याआड एक तरी निरोप येतो: "जुना लॅपटॉप विकणे आहे. फॉरमॅट मारून देईन." मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत अशाच एका फॉरमॅट मारलेल्या लॅपटॉपवर मी मालकाच्या देखतच फुकटात मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. चहा होईपर्यंत भाडेकरार, नवराबायकोची पॅन कार्डं आणि बारशाचे फोटो पडद्यावर हजर.

कारण साधं आहे. फाइल डिलीट केली की कॉम्प्युटर फक्त यादीतली नोंद काढतो. इमारतीच्या खालच्या पाटीवरून नाव खोडलं, पण बिऱ्हाड वर तसंच राहिलं, असा तो प्रकार. रीसायकल बिन रिकामा करा, नाहीतर शिफ्ट धरून डिलीट दाबा, फरक पडत नाही. क्विक फॉरमॅटमध्ये पाटी नवी लागते, एवढंच.

बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. हातात वेळ कमी, घेणारा संध्याकाळी येणार, म्हणून पुसण्यापासूनच सुरुवात होते. पुसणं शेवटाकडे यायला हवं. खालचा क्रम घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या विंडोज मशीनसाठी आहे. मॅकसाठी वेगळा परिच्छेद पुढे आहे.

टप्पा 1: काय ठेवायचं ते आधी बाहेर काढा

एक्स्टर्नल डिस्कवर प्रत घ्या. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डेस्कटॉप सगळ्यांना आठवतात. विसरतात त्या या गोष्टी:

- डाउनलोड्स फोल्डर. बँकेची स्टेटमेंटं, फॉर्म 16, शाळेच्या पावत्या तिथेच पडलेल्या असतात.
- डी आणि ई ड्राइव्ह. आपल्याकडे दुकानदार नवीन मशीन देतानाच डिस्कचे दोन-तीन भाग (पार्टिशन) करून देतो आणि दहा वर्षांचे फोटो डीमध्ये साठतात.
- आउटलुकची पीएसटी फाइल. ऑफिसच्या जुन्या मेलसकट सगळं तिच्यात असतं.
- टॅलीचा डेटा फोल्डर. टॅलीचं लायसन्सही आधी 'सरेंडर' करा. तुर्भ्याच्या बाजारातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने डेटा घेतला, लायसन्स तसंच राहिलं आणि नव्या मशीनवर ते चालू करताना दोन दिवस गेले.
- मराठी फाँट. जुनं लेखन श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल तर नुसती वर्डची फाइल घेऊन भागत नाही. फाँट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाँटची फाइलही सोबत घ्या.

व्यवसाय असेल तर आणखी एक. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपून ठेवावी लागतात. तेव्हा "जुनंच तर आहे" म्हणत हिशेब पुसण्याआधी सीएला एक फोन करा.

तपासा: एक्स्टर्नल डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि प्रत्येक फोल्डरमधल्या दोन-तीन फाइली खरोखर उघडून पाहा. नावं दिसली म्हणजे प्रत झाली असं धरू नका. प्रत अर्ध्यावर तुटलेली असते आणि ते कळतं पुसल्यानंतर.

टप्पा 2: क्लाउडची दोरी कापा, खाती बंद करा

इथे मी स्वतः आपटलो आहे. वनड्राइव्ह, म्हणजे फाइलींची प्रत इंटरनेटवर ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सेवा, चालू असताना मी डेस्कटॉपवरचं सगळं डिलीट केलं. दहा मिनिटांत तेच फोल्डर नव्या लॅपटॉपवरूनही गायब. सिंक म्हणजे दोन्हीकडे एकच: इकडे पुसलं की तिकडेही पुसतं. वनड्राइव्हच्या रीसायकल बिनमध्ये वैयक्तिक खात्याच्या फाइली 30 दिवस राहतात, म्हणून वाचलो.

तेव्हा आधी वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'अनलिंक धिस पीसी' करा. गूगल ड्राइव्हचं ॲप असेल तर त्यातूनही खातं काढा. त्यानंतर:

- क्रोममधल्या प्रत्येक प्रोफाइलमधून साइन आउट करा. मुलांची प्रोफाइल सोडू नका.
- फोनवर व्हॉट्सॲप उघडून 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून हा कॉम्प्युटर काढा.
- पैसे देऊन घेतलेली सॉफ्टवेअर्स डीॲक्टिव्हेट करा.
- मायक्रोसॉफ्ट खात्याच्या डिव्हाइस यादीतून मशीन काढणं मात्र अगदी शेवटी, पुसून झाल्यावर. का, ते चौथ्या टप्प्यात.

उलटी बाजूही ध्यानात घ्या. एखादी फाइल खरोखर नाहीशी करायची असेल तर ती गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये 30 दिवस पडून असते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो. मेलच्या 'सेंट'मध्ये जोडलेली प्रत तर कायमच. डिस्क घासूनपुसून लख्ख केली आणि तोच पासपोर्टचा स्कॅन मेलमध्ये पडून आहे, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

टप्पा 3: आत डिस्क कोणती आणि किती, ते पाहा

हा दोन मिनिटांचा टप्पा वगळला तर पुढचं सगळं चुकू शकतं. स्टार्टमध्ये 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' शोधा. उघडलेल्या खिडकीत प्रत्येक ड्राइव्हसमोर 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' की 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' ते लिहिलेलं असतं.

हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते. तुम्ही एखाद्या जागेवर नवीन काही लिहिलं की त्याच जागेवर लिहिलं जातं, म्हणून वरून शून्यं गिरवली की जुनं गेलं. एसएसडीचं, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्हचं, तसं नाही. तिच्यातल्या पेशी झिजतात, म्हणून तिचा कंट्रोलर नवीन लेखन दुसऱ्याच रिकाम्या जागी करतो आणि जुनी जागा मागाहून कधीतरी साफ करतो. शिवाय तुम्हाला न दिसणारी राखीव जागाही तिच्यात असते. त्यामुळे 'सात वेळा ओव्हरराइट' छापाची सॉफ्टवेअर्स एसएसडीवर चालवली तर ती झिजते, आणि पुसल्याची खात्री मिळत नाहीच.

थांबा: पाच-सात वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये बरेचदा दोन डिस्क असतात. कधीतरी वेग वाढवायला एसएसडी टाकून घेतलेली असते आणि मूळची हार्ड डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत (छोट्या चौकटीत) बसवलेली असते. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे डिस्क 0, डिस्क 1 अशा ओळी दिसतात. दोन असतील तर दोन्ही पुसायच्या, प्रत्येकीला तिच्या प्रकाराप्रमाणे. आणि एसएसडी टाकून घेताना जुनी डिस्क दुकानदाराकडून परत घेतली होती का, तेही आठवा.

टप्पा 4: पुसणे

सुरुवात करण्याआधी चार्जर लावा आणि मशीन झोपणार नाही अशी सेटिंग करा: स्लीप 'नेव्हर', झाकण मिटल्यावर 'डू नथिंग'. पावसाळ्यात महावितरणचा भरवसा धरू नका. बॅटरी मेलेली असेल तर यूपीएसवर लावा. घरातल्यांना सांगून ठेवा. मिक्सर लावायला प्लग काढून घेतला, हेही घडलेलं आहे.

4अ. हार्ड डिस्क असेल तर

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'रीसेट धिस पीसी' या वाटेने जा आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. आता घाई करू नका. पुढच्या पानावर 'चेंज सेटिंग्ज' अशी बारीक अक्षरांतली ओळ असते. तिच्यात दोन बटणं महत्त्वाची:

1. 'क्लीन डेटा' चालू करा. हे बंद असेल तर फाइली फक्त यादीतून जातात.
2. 'डिलीट फाइल्स फ्रॉम ऑल ड्राइव्ह्ज' चालू करा. हे बंद राहिलं तर विंडोज असलेला सी ड्राइव्हच पुसला जातो आणि डीमधले फोटो घेणाऱ्याच्या घरी जातात.

माझ्याकडे "रीसेट केला होता हो" म्हणत आलेल्या लोकांची चूक बहुतेक वेळा या दोनांपैकीच एक असते. ही ओळ डोळ्यांखालून निसटते.

थांबा: 'ऑल ड्राइव्ह्ज' दाबण्याआधी प्रत घेतलेली एक्स्टर्नल डिस्क आणि सगळे पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या खोलीत ठेवा.

वेळ किती लागेल? जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 एमबी लिहिते असं धरलं तर 1 टीबीला एका फेरीत जवळपास तीन तास. रात्री लावून झोपा.

सुटी काढलेली हार्ड डिस्क यूएसबीने जोडून पुसायची असेल तर विंडोजमधलंच 'डिस्कपार्ट' वापरा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी 'डिस्कपार्ट' लिहा, मग 'लिस्ट डिस्क', मग 'सिलेक्ट डिस्क' आणि तिचा क्रमांक, शेवटी 'क्लीन ऑल'. नुसतं 'क्लीन' लिहिलं तर पार्टिशनची माहिती जाते, आतला मजकूर राहतो. 'ऑल' जोडलं की प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक छोट्या कप्प्यावर, शून्य लिहिलं जातं. जुन्या यूएसबी 2 पोर्टवर 1 टीबीला आठ-नऊ तास धरा.

तपासा: एंटर दाबण्याआधी डिस्कचा क्रमांक तिच्या आकारावरून ओळखा. तुमची 500 जीबीची असेल तर यादीत साधारण 465 जीबी दिसेल. दोन डिस्क सारख्याच आकाराच्या असतील तर जोडलेली काढा, यादी पुन्हा पाहा, जी ओळ गेली तीच तुमची. डिस्कपार्ट "नक्की ना?" असं विचारत नाही.

किती फेऱ्या? एक पुरते. 35 फेऱ्यांची जी पद्धत अजून सांगितली जाते ती 1996 मधली आहे, तेव्हाच्या डिस्कसाठी. ती मांडणाऱ्या पीटर गटमन यांनीच पुढे स्पष्ट केलं की आजच्या डिस्कवर तिचा काही उपयोग नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची 2014 ची मार्गदर्शिकाही अशा डिस्कसाठी एक फेरी पुरेशी मानते. एक फट मात्र उरते: डिस्कने स्वतःच खराब ठरवून बाजूला काढलेले सेक्टर यात पुसले जात नाहीत. घरगुती फोटोंसाठी त्याची चिंता नको. पक्षकारांच्या किंवा रुग्णांच्या फाइली असतील तर सहाव्या टप्प्याकडे जा.

4आ. एसएसडी असेल तर

माझी पसंती या पद्धतीला: आधी सगळी डिस्क कुलूपबंद करायची, मग रीसेट करून किल्ली फेकून द्यायची. राखीव कोपऱ्यात काही उरलंच तर ते किल्लीवाचून वाचता येत नाही.

विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजमधलीच सोय, चालू करा. तो विचारतो, फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू की पूर्ण ड्राइव्ह? जुन्या मशीनवर नेहमी पूर्ण ड्राइव्ह. पहिला पर्याय लवकर संपतो, पण पूर्वी डिलीट केलेल्या फाइलींची जागा त्यात उघडीच राहते. डी, ई ड्राइव्हवर बिटलॉकर वेगवेगळा चालू करावा लागतो.

होम आवृत्तीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असू शकतं. त्याची किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवली जाते. मध्येच मशीनने 48 अंकी रिकव्हरी की मागितली आणि तुम्ही यादीतून मशीन आधीच काढून बसलात, तर पंचाईत. म्हणून ते काम शेवटी.

तपासा: बिटलॉकरच्या पानावर अजून 'एन्क्रिप्टिंग' दिसतंय तोवर पुढे जाऊ नका. 'बिटलॉकर ऑन' दिसलं की वर सांगितल्याप्रमाणेच रीसेट करा, दोन्ही बटणं चालू ठेवून.

दुसरी वाट म्हणजे एसएसडीला तिच्याच आतल्या हुकमाने पुसणं: सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ. काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) हा पर्याय असतो. नसेल तर डिस्क बनवणाऱ्याचं सॉफ्टवेअर पाहा: सॅमसंगचं मॅजिशियन, क्रुशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, डब्ल्यूडीचा डॅशबोर्ड. बायॉसमधून केलं तर बरेचदा काही मिनिटांत होतं. डिस्क 'फ्रोझन' आहे असा संदेश आला तर घाबरू नका, लॅपटॉप एकदा स्लीपमध्ये टाकून उठवला की बहुधा सुटते. पण साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) प्रकारच्या डिस्कवर हा हुकूम चालू असताना वीज गेली तर ती पासवर्ड लागलेल्या अवस्थेत अडकू शकते. बॅटरी नसलेल्या मशीनवर यूपीएसशिवाय हा प्रयोग नको.

डीबॅन हे जुनं, नावाजलेलं सॉफ्टवेअर कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलं तर एसएसडीसाठी त्याला नम्रपणे परत पाठवा. ते हार्ड डिस्कसाठी बनलेलं आहे.

मॅक असेल तर काम सोपं. ॲपल सिलिकॉन किंवा टी2 चिप असलेल्या, मॉन्टेरे किंवा त्यानंतरची प्रणाली चालणाऱ्या मशीनवर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' करा. आतला मजकूर मुळातच एन्क्रिप्टेड असतो, किल्ली जाते आणि काम होतं. हरवलेलं मशीन शोधणारं 'फाइंड माय' बंद झालं का ते पाहा, नाहीतर घेणाऱ्याला मशीन वापरताच येणार नाही आणि रात्री दहाला तुमचा फोन वाजेल.

टप्पा 5: पुसलं गेलं का, ते पाहा

मशीन 'भाषा निवडा' या पडद्यावर थांबलेलं असेल. बहुतेक लोक इथे बॅग भरतात. हार्ड डिस्क असेल तर आणखी थोडा वेळ द्या. तात्पुरतं स्थानिक खातं करून आत जा, पेनड्राइव्हवरून रेकुव्हा किंवा फोटोरेक हे रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा आणि खोल स्कॅन लावा.

रेकुव्हात काही जुनी नावं दिसली तरी दचकू नका. नाव राहतं आणि मजकूर गेलेला असतो, असं होऊ शकतं. 'ओव्हररिटन' किंवा 'अनरिकव्हरेबल' लिहिलंय का ते पाहा आणि दोन-चार फाइली परत मिळवून उघडून बघा. तुमचा एक जरी फोटो उघडला तरी चौथा टप्पा पुन्हा, दोन्ही बटणं नीट पाहून.

तपासणी झाली की साधं रीसेट करून मशीन पुन्हा भाषेच्या पडद्यावर आणा. मग मायक्रोसॉफ्ट खात्याच्या यादीतून ते काढून टाका.

टप्पा 6: डिस्क बिघडलेली असेल किंवा भंगारात द्यायची असेल

सुरू न होणारी डिस्क म्हणजे रिकामी डिस्क नव्हे. सर्किट जळलेलं असतं, तबकडीवरचा मजकूर शाबूत असतो. ती पुसता येत नाही, तेव्हा फोडावी लागते.

हार्ड डिस्क असेल तर झाकण उघडून किंवा थेट वरून ड्रिलने तबकडीतून तीन-चार भोकं पाडा. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधली तबकडी पुष्कळदा काचेची असते, तिचे बारीक तुकडे उडतात. चष्मा आणि हातमोजे घाला, काम गॅलरीत जुन्या पोत्यावर करा. एसएसडीत मेमरीच्या प्रत्येक काळ्या चिपचा तुकडा पडला पाहिजे. एक चिप अख्खी राहिली तर तिच्यातला मजकूर राहिला. लोहचुंबक फिरवण्याचा एसएसडीवर काही परिणाम होत नाही. पाण्यात बुडवणं दोन्हींसाठी निरर्थक, आणि जाळणं तर मुळीच नको, विषारी धूर होतो.

उरलेलं दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी विचारा, पावती घ्या. ऑफिसची मशीन असतील तर डिस्कचा सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या.

फक्त एखादीच फाइल पुसायची असेल तर

हार्ड डिस्कवर 'इरेझर' हे सॉफ्टवेअर वापरा. आधीच डिलीट केलेलं असेल तर रिकामी जागा पुसणारी 'सायफर' कमांड विंडोजमध्येच आहे. फोनवर सांगतो तशी सांगतो: सायफर, एक स्पेस, स्लॅश, डब्ल्यू, कोलन, ड्राइव्हचं अक्षर, पुन्हा कोलन. ती तीन फेऱ्या मारते, म्हणून वेळ तिप्पट. असलेल्या फाइलींना हात लावत नाही.

एसएसडीवर एकट्या फाइलीची खात्री देता येत नाही. डिलीट करा, बिन रिकामा करा आणि ऑप्टिमाइझच्या खिडकीत 'ऑप्टिमाइझ' दाबा. त्याने डिस्कला कळतं की ही जागा आता साफ करायला मोकळी आहे. याच्या पलीकडे उपाय एकच, नवीन मशीन घेतल्या दिवशीच एन्क्रिप्शन चालू करणं.

दोन्हीकडे फाइलीच्या सावल्या शोधा. 'सिस्टिम प्रोटेक्शन'मधले रिस्टोअर पॉइंट पुसा, त्यांत जुन्या प्रती असू शकतात. फाइल हिस्ट्रीची डिस्क आणि वर्डच्या ऑटोरिकव्हरच्या फाइलीही पाहा.

झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर

ठाणे स्टेशनाबाहेर किंवा कोर्टाजवळ प्रिंट काढायला आपण आधार कार्ड दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि निघून जातो. त्याची डिस्क पुसणं आपल्या हातात नाही. पण तिथेच उभं राहून "दादा, डाउनलोडमधून आणि चॅटमधून डिलीट करा ना" म्हणायला हरकत नसते, बहुतेक जण करतातही. तुमचं स्वतःचं व्हॉट्सॲप त्या मशीनवर उघडलं असेल तर दुकानाची पायरी उतरण्याआधी फोनवरून लॉग आउट करा. आणि जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळतं आणि त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. पेनड्राइव्ह नेत असाल तर त्यावर त्या एका प्रिंटशिवाय दुसरं काही ठेवू नका.